स्टन गन आणि स्वसंरक्षण : वापरणाऱ्याची सुरक्षितता कशावर अवलंबून असते?

डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या सामूहिक बलात्कार प्रकरणानंतर देशभर स्त्रियांच्या सुरक्षिततेची चर्चा झाली आणि स्वसंरक्षणाच्या साधनांकडे लोकांचे लक्ष वेधले गेले. पेपर स्प्रेच्या जोडीला विजेचा झटका देणारी ‘स्टन गन’ही बाजारात दिसू लागली. टॉर्चच्या किंवा मोबाइलच्या आकाराची ही उपकरणे पर्समध्ये सहज मावतात. हल्लेखोराला ती क्षणात जमीनदोस्त करतील, असे त्यांच्या जाहिराती सांगतात. उपकरण ज्याच्या हातात आहे, त्याला त्यापासून कोणता धोका संभवतो याविषयी मात्र या जाहिराती बहुधा मौन बाळगतात. हा धोका विजेचा आहे, त्याहून अधिक झटापटीचा आहे, आणि भारतात तो कायद्याचाही आहे.

उपकरणाचे कार्य

स्टन गनमधील लहान बॅटरीचा अल्प विद्युतदाब आतील सर्किटद्वारे अनेक पटींनी वाढवला जातो. उपकरणाच्या पुढच्या बाजूस काही सेंटिमीटर अंतरावर धातूची दोन टोके असतात. बटण दाबताच या टोकांमध्ये कडकड आवाज करीत निळसर ठिणगी उडते. घरोघरी असलेल्या डास मारण्याच्या रॅकेटचे तत्त्व हेच असते. स्टन गनमध्ये विद्युतदाब त्याहून पुष्कळ अधिक असतो, आणि दोन टोकांमधील जागा हवेऐवजी माणसाच्या त्वचेने भरून काढावी लागते, एवढाच फरक.

स्टन गन आणि टेझर यांची पुष्कळदा गल्लत होते. टेझर हे अमेरिकी संशोधक जॅक कव्हर यांनी १९७०च्या दशकात विकसित केलेले उपकरण होय. त्यातून बारीक तारांना जोडलेले दोन अंकुश काही मीटर अंतरावरील व्यक्तीवर सोडले जातात. सुरुवातीच्या टेझरमध्ये अंकुश फेकण्यासाठी स्फोटक दारूचा वापर होत असल्याने अमेरिकी यंत्रणेने १९७६ मध्ये त्याची गणना बंदुकांत केली होती. साध्या स्टन गनला असा पल्ला नसतो. तिची टोके समोरच्या व्यक्तीच्या अंगाला प्रत्यक्ष टेकवावी लागतात.

हा फरक वापरणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. टेझरचे अंकुश शरीरावर एकमेकांपासून दूर, साधारण ३० सेंटिमीटर किंवा अधिक अंतरावर रुतले, तर मधल्या मोठ्या स्नायूंवरचा माणसाचा ताबा काही सेकंद सुटतो. स्टन गनच्या टोकांमधील अंतर जेमतेम तीन-चार सेंटिमीटर असते. त्यामुळे प्रवाह तेवढ्याच भागातील त्वचेतून आणि वरच्या स्नायूंतून वाहतो. परिणाम मुख्यतः तीव्र वेदनेचा असतो, शरीर निकामी होण्याचा नव्हे. मद्याच्या किंवा अन्य नशेच्या अमलाखाली असलेली अथवा संतापाने बेभान झालेली व्यक्ती अशी वेदना सोसूनही हल्ला चालू ठेवू शकते.

व्होल्टच्या आकड्यांचा भूलभुलैया

खोक्यावर लाखो किंवा कोट्यवधी व्होल्टचा दावा छापलेला असतो. तो पारखण्याची एक सोपी कसोटी आहे. कोरड्या हवेत एक सेंटिमीटर अंतर ओलांडून ठिणगी उडण्यासाठी ढोबळमानाने ३० हजार व्होल्ट लागतात. टोकदार धातूंच्या बाबतीत ते याहून कमी पुरतात. तीन-चार सेंटिमीटरच्या फटीत ठिणगी उडवणाऱ्या उपकरणाचा विद्युतदाब त्यामुळे फार तर एक लाख व्होल्टच्या आसपास पोहोचू शकतो. खरोखर एक कोटी व्होल्ट असते, तर ठिणगीने तीन मीटरहून अधिक झेप घेतली असती आणि ती धरणाऱ्याच्या हातावरही उतरली असती.

पोलिसी वापरासाठी तयार झालेल्या ‘एक्स २६’ या टेझरचा दाब हवेत ५० हजार व्होल्ट सांगितला जात असे. शरीरात पोहोचताना तो सुमारे १,२०० व्होल्टच असे. मुळात नुसता विद्युतदाब हे धोक्याचे माप नव्हे. हिवाळ्यात लोकरीचे कपडे काढताना जाणवणाऱ्या स्थिरविजेच्या चिमट्यामागेही काही हजार व्होल्ट असतात. उलट घरातील २३० व्होल्टचा पुरवठा जीव घेऊ शकतो, कारण त्यातून मोठा प्रवाह अखंड वाहत राहतो. शरीरातून किती प्रवाह, किती वेळ आणि कोणत्या मार्गाने गेला, यावर इजा ठरते. मोठ्या आकड्यावर विसंबून घेतलेले उपकरण खोटा आत्मविश्वास देते. स्वसंरक्षणात यासारखा घातक दोष दुसरा नाही.

धक्का उलटतो का?

हल्लेखोराने मनगट किंवा केस पकडलेले असताना त्याला झटका दिला, तर वीज त्याच्या शरीरातून आपल्याही अंगात शिरेल, अशी भीती अनेकांना वाटते. सर्वसाधारण परिस्थितीत तसे घडत नाही. विजेला एका टोकातून निघून दुसऱ्या टोकाकडे परतायचे असते आणि त्यासाठी ती सर्वांत सुकर मार्ग निवडते. दोन्ही टोके हल्लेखोराच्या अंगावर टेकलेली असताना हा मार्ग त्या टोकांमधील त्याची त्वचा आणि स्नायू यांतूनच जातो. त्याला धरलेली व्यक्ती त्या मार्गावर नसते.

या नियमाला अपवाद आहेत. झटापटीत उपकरण वळून त्याची टोके स्वतःच्याच हाताला किंवा मांडीला लागू शकतात. दोघांची शरीरे चिकटलेली असताना एक टोक हल्लेखोराला आणि दुसरे वापरणाऱ्याला लागले, तर धक्का दोघांनाही बसतो. काही नमुन्यांत उपकरण हिसकावता येऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या असतात. बटण दाबलेले असताना त्या पट्ट्यांवर स्वतःची बोटे गेली, तर त्यांनाही झटका बसतो. उपकरण कोठे धरायचे आणि कोठे नाही, हे यामुळे आधीच ठाऊक असावे लागते.

ओलावा हे धोक्याचे दुसरे कारण आहे. भिजलेल्या उपकरणाच्या पृष्ठभागावरून वीज टोकांपासून मुठीपर्यंत झिरपू शकते, आणि ओल्या त्वचेचा विजेला होणारा रोध कोरड्या त्वचेपेक्षा कितीतरी कमी असतो. मुसळधार पावसात, साचलेल्या पाण्यात उभे राहून किंवा ओल्या हातांनी स्टन गन चालवणे टाळावे. आवरणाला तडा गेला असेल किंवा उपकरण एकदा पाण्यात पडले असेल, तर ते पुन्हा वापरू नये.

अंतर आणि वेळ

वापरणाऱ्यापुढचा सर्वांत मोठा धोका विजेचा नसून जवळिकीचा आहे. स्टन गन वापरायची तर हल्लेखोर हाताच्या अंतरावर यावा लागतो. म्हणजे त्याचा हातही वापरणाऱ्यापर्यंत पोहोचलेला असतो. अनेक उत्पादकांच्या पुस्तिकांत अपेक्षित परिणामासाठी टोके तीन ते पाच सेकंद अंगाला दाबून ठेवण्यास सांगितलेले असते. झटका बसताच मागे सरणाऱ्या किंवा प्रतिकार करणाऱ्या माणसाच्या अंगावर उपकरण पाच सेकंद टेकवून धरणे अत्यंत कठीण असते. जाड जाकीट, शाल किंवा कपड्यांचे अनेक थर असतील, तर संपर्क आणखी दुबळा होतो.

हल्लेखोराकडे चाकू असेल, एकाहून अधिक हल्लेखोर असतील किंवा तो वाहनात असेल, तर त्याच्या जवळ जाण्यास भाग पाडणारे हे साधन जवळजवळ निरुपयोगी ठरते. पळून जाण्याची वाट मोकळी असताना उपकरण काढण्यासाठी थांबणे ही तर उघड चूक होय. स्टन गनचा उपयोग पकड सुटण्यापुरता आहे. पकड सुटली की तेथून निघून जावे. हल्लेखोराला अद्दल घडवण्यासाठी दुसरा झटका देण्याच्या मोहात हातातले मौल्यवान क्षण निसटतात.

उपकरण हिसकावले जाणे ही वारंवार संभवणारी आपत्ती आहे. काही नमुन्यांत मनगटाच्या पट्ट्याला जोडलेली एक पिन असते. उपकरण हातातून ओढले गेले की ती निघते आणि उपकरण बंद पडते. ही सोय असलेल्या उपकरणाचा पट्टा मनगटात घातलेला असेल तरच तिचा लाभ मिळतो. पर्सच्या तळाशी, चाव्या आणि रुमालाखाली दडलेले उपकरण संकटाच्या क्षणी हाती लागत नाही. नुसता सुरक्षा-खटका सरकवण्यासही घाबरलेल्या बोटांना वेळ लागतो. बॅटरी काढून टाकलेल्या अथवा पूर्ण उतरलेल्या उपकरणाने हा सराव आधी केलेला असावा.

आग, उंची आणि शरीराचे नाजूक भाग

ठिणगी हे आगीचे निमंत्रण असते. पेट्रोल पंप, स्वयंपाकाच्या गॅसची गळती झालेली जागा, रंगकामाचे पातळ द्रव किंवा सॅनिटायझर सांडलेली जागा अशा ठिकाणी स्टन गनचे बटण दाबणे स्वतःच्या जिवाशी खेळणे आहे. पेपर स्प्रे आणि स्टन गन एकापाठोपाठ वापरणेही टाळावे. काही स्प्रेंमधील द्रावक किंवा दाबाने भरलेला वायू ज्वलनशील असतो. फवारलेल्या चेहऱ्यावर किंवा कपड्यांवर ठिणगी पडल्यास भडका उडू शकतो, आणि हाताच्या अंतरावरील वापरणाराही त्यात होरपळतो.

झटक्याने माणूस तोल जाऊन पडला, तर खरी इजा पडण्याने होते. जिना, रेल्वे फलाटाची कड, गच्चीचा कठडा, विहीर किंवा तलावाचा काठ येथे समोरचा माणूस कोसळताना वापरणाऱ्यालाही ओढत नेऊ शकतो.

डोळे, चेहरा, गळा, छाती आणि जननेंद्रिये हे भाग टाळावेत, अशी सूचना सर्वत्र दिली जाते. टेझरच्या उत्पादक कंपनीने २००९ मध्ये पोलिसांसाठीच्या प्रशिक्षण-सूचनेत शक्य तेथे छातीवर नेम धरू नये, असे नमूद केले होते. २००७ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर विमानतळावर पोलिसांनी टेझर वापरल्यानंतर एका प्रवाशाचा मृत्यू झाला. त्यानंतर निवृत्त न्यायमूर्ती थॉमस ब्रेडवुड यांच्या चौकशी आयोगाने अशी शस्त्रे गंभीर इजेस किंवा मृत्यूसही कारणीभूत ठरू शकतात, असा निष्कर्ष काढला. स्टन गनचा प्रवाह टेझरपेक्षा मर्यादित भागातून जात असला, तरी ‘पूर्णतः निरुपद्रवी’ हे विशेषण तिलाही लावता येत नाही.

पेसमेकर बसवलेल्या, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता किंवा अपस्मार असलेल्या व्यक्तींनी आणि गर्भवती स्त्रियांनी असे साधन जवळ बाळगण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. झटापटीत धक्का स्वतःला बसण्याची शक्यता त्यांच्या बाबतीत अधिक गंभीर ठरते.

चार्जिंग, तपासणी आणि साठवण

स्वस्त टॉर्चवजा उपकरणांत दोन पिना थेट भिंतीवरील सॉकेटमध्ये खुपसून चार्ज करण्याची सोय असते. त्यांतील अनेकांत मुख्य पुरवठा आणि आतील सर्किट यांना विलग करणारा ट्रान्सफॉर्मर नसतो. चार्जिंग चालू असताना अशा उपकरणाच्या उघड्या धातूला स्पर्श झाल्यास स्टन गनचा नव्हे, तर घरातील २३० व्होल्टचा धक्का बसू शकतो. चार्जिंगच्या वेळी बटण दाबू नये, टोकांना हात लावू नये आणि काम होताच उपकरण काढून ठेवावे.

तपासणीसाठी हवेत ठिणगी उडवायची असेल, तर ती सेकंदभरापेक्षा अधिक नको. दीर्घकाळ रिकामी ठिणगी उडवल्याने आतील विद्युतरोधक आवरण जळते आणि ऐनवेळी उपकरण मुके राहते. धातूच्या वस्तूवर किंवा स्वतःच्या, मित्राच्या, पाळीव प्राण्याच्या अंगावर ‘चाचणी’ घेणे कटाक्षाने टाळावे. उन्हात उभ्या केलेल्या गाडीतील उष्णतेने बॅटरी बिघडते. घरात मुले असतील, तर टॉर्चसारखे दिसणारे हे उपकरण त्यांच्या हाती लागणार नाही अशा कुलूपबंद जागीच ठेवावे.

कायदा काय सांगतो?

शस्त्र अधिनियम, १९५९ मधील शस्त्राची व्याख्या व्यापक आहे. आक्रमणासाठी किंवा बचावासाठी शस्त्र म्हणून बनवलेली कोणत्याही वर्णनाची वस्तू तिच्यात मोडते. केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी असलेल्या लाठीसारख्या वस्तूंना त्यातून वगळले आहे. शस्त्र नियम, २०१६ मध्ये विजेच्या साह्याने माणसाला निष्प्रभ करणाऱ्या उपकरणांचाही समावेश आहे. त्यामुळे एखादी वस्तू संकेतस्थळावर खुलेआम मिळते, यावरून ती विनापरवाना बाळगता येते असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. खरेदीपूर्वी स्थानिक परवाना प्राधिकाऱ्याकडे चौकशी करावी. हा प्राधिकारी सामान्यतः जिल्हादंडाधिकारी आणि पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत पोलीस आयुक्त असतो. नोकरीनिमित्त एका राज्यातून दुसऱ्या राज्यात राहावयास जाणाऱ्यांनी नव्या ठिकाणीही अशी चौकशी करणे हिताचे ठरते.

विमानप्रवासात अशी उपकरणे हातातील सामानात निषिद्ध आहेत. लिथियम बॅटरी, दाबाने भरलेला वायू किंवा स्फोटक घटक असलेली विद्युत शस्त्रे आंतरराष्ट्रीय धोकादायक-माल नियमांनुसार हवाली केलेल्या सामानातही नेता येत नाहीत. पर्समध्ये नित्य असलेले उपकरण विमानतळावरील तपासणीत सापडले, तर प्रवास थांबतो आणि पोलीस चौकशीला तोंड द्यावे लागते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी बचावाचा हक्क मांडलेला आहे. बचावासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करण्याचा हक्क कलम ३७ देत नाही. सरकारी यंत्रणेची मदत घेण्यास पुरेसा वेळ असेल, तर हा हक्क उरत नाही, असेही हे कलम सांगते. कलम ४० नुसार शरीराला धोका असल्याची वाजवी भीती निर्माण होताच हा हक्क सुरू होतो आणि ती भीती असेपर्यंतच टिकतो. पळून जाणाऱ्या हल्लेखोराचा पाठलाग करून दिलेला झटका त्यामुळे बचाव ठरणे अवघड आहे.

त्याचबरोबर कायदा भेदरलेल्या माणसाकडून अशक्यप्राय हिशेबाची अपेक्षा करीत नाही. हल्ला होत असताना बचावाची मात्रा गणिती काटेकोरपणे मोजणे शक्य नसते, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०१० मधील निकालात स्पष्ट केले आहे. दुसऱ्या बाजूला, कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये एका प्रकरणात पेपर स्प्रे हेही धोकादायक शस्त्र ठरू शकते, असे मत नोंदवत गुन्हा रद्द करण्यास नकार दिला. जिवाला तत्काळ धोका नसताना वादावादीत काढलेले बचावाचे साधन वापरणाऱ्यालाच आरोपी करू शकते, हा या घडामोडीचा बोध आहे.

वापरानंतर

वेळ आलीच आणि उपकरण वापरावे लागले, तर प्रथम वर्दळीच्या, उजेडाच्या ठिकाणी पोहोचावे. त्यानंतर ११२ या राष्ट्रीय आपत्कालीन क्रमांकावर संपर्क साधावा. अनेक स्मार्टफोनवर पॉवर बटण तीनदा झटपट दाबून, तर साध्या फोनवर ५ किंवा ९ हा आकडा दाबून धरून ही हाक देता येते. आपल्या फोनवर ही सोय कशी चालते, हे आधीच पाहून ठेवावे. रेल्वेप्रवासात १३९, तर स्त्रियांच्या मदतीसाठी १८१ हे क्रमांक उपलब्ध आहेत.

पोलिसांपासून स्टन गन वापरल्याची गोष्ट लपवू नये. हल्लेखोराला झटका कोठे आणि किती वेळ बसला, तो पडला का, हे सांगितल्यास त्याच्यावर वेळेत उपचार होतात आणि वापरणाऱ्याची बाजूही विश्वासार्ह ठरते. उपकरण पुरावा असल्याने ते फेकू नये किंवा पुसून काढू नये. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार घटना कोणत्याही हद्दीत घडलेली असली, तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवता येते. परगावी असलेल्या व्यक्तीला ही तरतूद विशेष उपयोगी पडते.

वापरणाऱ्याला स्वतःला धक्का बसला असेल, तर काही वेळ बसून राहावे आणि वाहन चालवू नये. छातीत दुखणे, धडधड, चक्कर, बधिरपणा किंवा त्वचेवर भाजल्याच्या खुणा दिसल्यास रुग्णालयात जावे. बहुतेक राज्यांत १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. कोणी बेशुद्ध होऊन श्वास थांबल्यास रुग्णवाहिकेला कळवून छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या वेगाने दाब देत राहावे.

स्टन गन जवळ असल्याने निर्जन रस्त्याची निवड सुरक्षित होत नाही आणि अनोळखी वाहनात बसण्याचा धोकाही टळत नाही. धोक्याची चाहूल लागताच अंतर वाढवणे, मोठ्याने ओरडणे, लोकांचे लक्ष वेधणे आणि मदत मागवणे या उपायांना बॅटरी लागत नाही व परवानाही लागत नाही. हे सारे उपाय अपुरे पडले आणि अंगावर पकड आली, अशा एखाद्या क्षणापुरतेच या उपकरणाचे स्थान आहे. तो क्षण मिळवून देणे हे उपकरणाचे काम आहे. त्या क्षणाचा उपयोग निसटण्यासाठी करणे हे मात्र ते धरणाऱ्या माणसाच्या भानावर आणि पूर्वतयारीवर अवलंबून राहते.